फोटोखालची ओळ

४ फेब्रुवारी
रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या खेपेला लवकरच बंद पडली, कारण तेव्हा विषय नव्हता. आता आहे. प्रदर्शनाचं नाव ठरलं: ‘बिनपगारी’. घरात बायका जे राबतात आणि जे कुणाच्या खिजगणतीत नसतं, त्याच्यावर. एक फोटो, खाली एक ओळ. फोटोत माणूस नाही, फक्त कामाची जागा. ओळ मात्र खऱ्या बाईच्या तोंडची, तिच्याच शब्दांत. मी रचलेली एकही नाही. कलावंताने दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालू नयेत, हा माझा नियम.

गॅलरीवाल्या मॅडमनी एप्रिलचा पहिला पंधरवडा दिला. म्हणाल्या, तेव्हा हॉल रिकामाच असतो. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

बायकोला नाव सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती (गणित शिकवते). म्हणाली, नाव छान आहे, जरा गॅस बारीक कर.

६ फेब्रुवारी
सिंकचा फोटो काढायला घेतला. सकाळचा उजेड तिरका येतो, उत्तम. पण भांडी अपुरी. चार कप आणि एक पातेलं यातून शोषण दिसत नाही. बायकोला विनंती केली की दोन दिवस घासू नकोस, साचू दे. तिने विचारलं, मग जेवायचं कशात? मी म्हटलं, विषय गंभीर आहे. ती म्हणाली, भूकही काही विनोदी नसते.

८ फेब्रुवारी
भांडी साचली. वासही सुटला. उजेड मात्र नाही, सकाळपासून ढग. आणखी एक दिवस मागून घेतला. लेक (कॉलेजचं पहिलं वर्ष, जीभ तिखट) कागदी प्लेटा घेऊन आली आणि म्हणाली, बाबा, बायकांचं काम दिसावं म्हणून तुम्ही ते वाढवताय का?

ओळ चांगली आहे. टिपून ठेवली. तिने बघितलं आणि म्हणाली, झालं का, हेपण लिहिलंत?

९ फेब्रुवारी
फोटो अप्रतिम. भांडी शेवटी बायकोनेच घासली. मी घासणार होतो, पण एक कोन बघायचा राहिला होता, तोवर तिचं झालंसुद्धा. स्वतःला विचारलं: यात विसंगती आहे का? आहे. पण विसंगती कळणारा आणि न कळणारा यांत फरक असतोच की नाही. मी पहिल्यातला.

१३ फेब्रुवारी
दिवसभर पोटापाण्याचं काम, एका कंपनीच्या कॅटलॉगसाठी फोटो. नळ. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबता हवा, त्यासाठी ग्लिसरीन लावतो. मालक म्हणाले, नळ गळतोय असं वाटता कामा नये, पण पाणी आहे असं वाटलं पाहिजे. एवढं चोख सौंदर्यशास्त्र मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तरीही ‘बिनपगारी’नंतर हे काम सोडायचं. नक्की.

१७ फेब्रुवारी
मागच्या खोलीतल्या पलंगाचा फोटो घ्यायचा आहे. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं. त्यांचे शेवटचे दिवस, दिवस कसले, वर्षंच, याच पलंगावर गेले. दवाखान्यात असतो तसला. पायाकडचं हँडल फिरवलं की उशाकडची बाजू उचलली जाते. बायको शाळेतून आली की पर्स खांद्यालाच ठेवून आधी ते हँडल फिरवायची. रात्री खाली गादी टाकून तिथेच पडायची, कारण त्या तासातासाला हाक मारायच्या. मी बाहेरच्या खोलीत झोपायचो. मला जागरण झालं की हात थरथरतात आणि फोटोत नळ हलतात.

मेव्हणा रविवारी यायचा. तिचा धाकटा भाऊ, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. संत्री घेऊन यायचा, आईला हसवायचा, जायचा. पलंगाचा कठडा सैल झाला तेव्हा निळी चिकटपट्टी गुंडाळून त्यानेच घट्ट केला. पट्टी अजून आहे.

बायको म्हणते, पलंग कुठल्यातरी संस्थेला देऊ, कुणाच्या उपयोगी पडेल. मी म्हटलं, फोटो होईपर्यंत थांब. ती म्हणाली, थांबते.

२१ फेब्रुवारी
हे जपून लिहायला हवं.

संध्याकाळी गच्चीत चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. (मी मदत करतो, हेही कुठेतरी नोंदवलेलं बरं.) ती एकदम म्हणाली, तुला एक सांगू? आई गेली ना, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितीय? आज झोपायला मिळेल. रडू मागाहून आलं.

मी टोकं जुळवायला तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, धाकट्याला कळलं तर तो मोडून पडेल. कुणाला म्हणून सांगू नकोस. मी म्हटलं, वेडी आहेस का? मग ती रडली, आणि मी तिला चादरीसकट जवळ घेतलं. बराच वेळ तसेच उभे होतो. समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकीतून बघत होत्या, बघू दे म्हटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतके जवळ कधी आलो होतो, आठवत नाही.

खाली आल्यावर वाक्य लिहून ठेवलं. केवळ विसरू नये म्हणून.

२२ फेब्रुवारी
वाक्य वापरायचं नाही. ठरलं.

२३ फेब्रुवारी
पण काय वाक्य आहे! ‘आई गेली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आज झोपायला मिळेल.’ सगळा विषय यात आला. वापरायचं नाही हे कायम. फक्त पलंगाच्या फोटोखाली कसं दिसेल ते कॉम्प्युटरवर लावून पाहिलं, एकट्याने. पाहिल्यावर बाकीचे सगळे फोटो नळांचे वाटायला लागले.

२७ फेब्रुवारी
स्वतःची उलटतपासणी घेतली. वाक्य कुणाचं? बोलली ती. पण असं मनात येऊन जन्मभर तोंड मिटून बसलेल्या बायका किती असतील. त्या अर्थाने वाक्य त्या सगळ्यांचं. मग आम्ही दोघांनीच ते दडपून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय नाही का? नाव टाकणार नाहीच. ‘एक स्त्री’ एवढंच.

ओळख पटू नये म्हणून ‘आई’च्या जागी ‘सासू’ करावं, असंही सुचलं. पण मग तिच्या तोंडात मी शब्द घातल्यासारखं होईल. नियम म्हणजे नियम. ‘आई’च राहू दे.

३ मार्च
परवानगी घेतल्याशिवाय वापरणार नाही, असं ठरवून आज विचारलं. थेट विचारून तिच्यावर दडपण नको, म्हणून तत्त्व म्हणून विचारलं. म्हटलं, समज, एखादी बाई मनातलं काही बोलली, आणि ते नाव न घेता चार लोकांसमोर ठेवलं, त्याने इतर बायकांना धीर येणार असेल, तर ते चूक म्हणता येईल का?

ती पेपर तपासत होती. म्हणाली, हं.

विरोध केला नाही. अगदी सहज म्हणाली.

७ मार्च
‘हं’ होकाराचा होता की ऐकत असल्याचा, हा प्रश्न सतावतो आहे. पुन्हा नीट विचारायला गेलो तर तिचं डोकं दुखत होतं. अशा वेळी आपलं घोडं दामटणं बरं नव्हे. विचारलं नाही. संवेदनशील माणसाची हीच अडचण असते.

१२ मार्च
फ्रेमवाल्याकडे सगळे फोटो दिले. तो म्हणाला, साहेब, आमच्याकडे दोनच प्रकार येतात, लग्न झालेली माणसं आणि गेलेली माणसं. खरकट्या भांड्यांना फ्रेम पहिल्यांदाच करतोय. माझ्या बायकोला दाखवू नका हं, माझी सुट्टी भांडी घासण्यात जाईल. हे सामाजिक कलेचं यश म्हणायचं.

पलंगाची फ्रेमही दिली. दिली म्हणजे वापरणार असं नाही. फ्रेम असावी.

१८ मार्च
आमंत्रणं. मेव्हण्याला फोन केला. बायकोने सांगितलं होतं की तू स्वतः बोलाव, त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, भावोजी, आम्हाला काय कळतंय त्यातलं? मागच्या वेळी मी आग विझवायच्या नळकांड्यापुढे दहा मिनिटं उभा होतो, हे नेमकं काय सुचवतंय म्हणून. शेवटी वॉचमन म्हणाला, साहेब, ते चित्र नाही. पण येणार. ताईने इतक्यांदा सांगितलंय की येणारच.

फोन ठेवल्यावर चमकलो. मेव्हणा आणि तो पलंग समोरासमोर! ‘नको येऊस’ म्हणायला हवं होतं का? पण त्याने विचारलं असतं, का? आणि खोटं मी बोलत नाही.

२५ मार्च
मार्ग सापडला. हॉलच्या टोकाला एक खांब आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर पलंग लावायचा. ज्याला खरोखर शोधायचंय तो शोधेल. मेव्हणा तिथवर जाणार नाही, तो खाण्याच्या टेबलाशी असेल. नैतिक प्रश्न बरेचदा जागेने सुटतात. हलकं वाटलं.

३१ मार्च
फ्रेमा लावल्या. मॅडम खांबामागे गेल्या त्या बाहेरच येईनात. मग बाहेर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, हे खांबामागे? वेडे आहात का तुम्ही? माणसांना सांगून पलंग दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर. सिंक खांबामागे गेला.

मी विरोध केला. म्हटलं, तिथे उजेड जरा जास्त पडतोय. त्यांनी एक दिवा बंद केला.

१ एप्रिल, सकाळी
बायकोला आत्ताच सगळं सांगायचं म्हणून चहा करून नेला. ती कपाटासमोर उभी. निळा ड्रेस घालू की राखाडी, विचारत होती. म्हणाली, स्टाफरूममधल्या दोघी येणारेत, मी सांगून ठेवलंय, आमच्या ह्यांना माणसांची कदर आहे, बघा काय काढलंय ते. आणि हसली.

इतक्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगणार? निळा म्हटलं.

२ एप्रिल
काल उद्घाटन झालं. जसं झालं तसं लिहितो.

मेव्हणा सगळ्यांच्या आधी आला. दारातूनच ओरडला, भावोजी, नळकांडं कुठंय ते आधी दाखवा, यंदा फसणार नाही. सगळे हसले. मग समोर पलंग. तो जवळ गेला आणि वाकला. म्हणाला, अरे, ही माझी पट्टी. खूश झाला होता. मग खालची ओळ वाचली. त्याला चष्मा लागतो पण लावत नाही, त्यामुळे अक्षर अक्षर करून वाचली.

माझ्याकडे वळून विचारलं, हे ताई बोलली?

मी म्हटलं, ही एक स्त्री आहे.

तो म्हणाला, भावोजी, त्या पलंगाशेजारी दुसरी कोण झोपत होती?

मी त्याला समजावलं की इथे व्यक्ती महत्त्वाची नाही, प्रवृत्ती महत्त्वाची. तो ऐकत नव्हता. म्हणाला, मी रविवारी यायचो आणि तास-तास गप्पा मारत बसायचो. ती चहा करायची माझ्यासाठी. त्या तासात तिला म्हटलं असतं, ताई, मी बसलोय, तू जरा पड. सुचलं नाही हो. एकदाही सुचलं नाही.

तेवढ्यात बायको आली. निळ्या ड्रेसमध्ये, लेक आणि स्टाफरूममधल्या दोघींबरोबर. हसतच येत होती. भावाचं तोंड पाहिलं, मग भिंत. वाचायला तिला वेळ लागला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. भावाजवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, तू काही खाल्लंस का? मग दोघं बाहेर गेली. लेक माझ्याकडे बघत उभी राहिली, मग तीही गेली.

स्टाफरूममधल्या एक बाई म्हणाल्या, किती खरं आहे हो, कोण असेल बिचारी. वर्तमानपत्रातले समीक्षक आले होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, हे वाक्य सुचलं कसं तुम्हाला? मी म्हटलं, सुचलं.

बायकोला वाचवण्यासाठीच तसं म्हणालो. आणि ‘मी रचलं’ असं म्हणालोच नाही. ‘सुचलं’ म्हणालो. तरी हे लिहून ठेवतो, कारण इथे तरी स्वच्छ असावं.

३ एप्रिल
घरी सगळं नेहमीसारखं. चहा झाला, डबे भरले गेले. विचारलं, रागावलीस का? नाही म्हणाली. मी म्हटलं, मी तुला विचारलं होतं, तू हं म्हणालीस. ती म्हणाली, हो का.

बोलण्यात राग नव्हता. हे आशादायक आहे.

४ एप्रिल
वर्तमानपत्रात आलं! समीक्षकांनी लिहिलंय, ‘या एका ओळीत कलावंताने परकायाप्रवेश केला आहे.’ पेपर टेबलावर ठेवला, नेमकं ते पान वर येईल असा. संध्याकाळी पाहिलं तर शब्दकोडं सोडवलेलं होतं. तेही तसं त्याच पानावर असतं. म्हणजे वाचलं असणार.

६ एप्रिल
धीर करून विचारलं, तो फोटो काढून टाकू का? ती म्हणाली, आता काढून काय? ज्याने वाचायला नको होतं त्याने वाचलं.

खूप विचार केला यावर. तिने ‘काढ’ म्हटलं नाही. मनाचा मोठेपणा आहे.

८ एप्रिल
लेकीने सांगितलं की आई तिच्याशीही घरात धड बोलत नाही. काही सांगायचं असलं की गच्चीत बोलावते, आणि आधी विचारते, बाबा आहेत का घरात? मी म्हटलं, घरात आवाज घुमतो. लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला काही सांगायचं म्हणजे माईकवर बोलल्यासारखं वाटतं.

ओळ टिपली नाही. म्हणजे, इथे आली आहे, पण वेगळी टिपली नाही.

९ एप्रिल
निर्णय झाला. पलंग काढायचा. यश शिगेला पोचलेलं असताना मागे घेणं सोपं नाही, पण माणूस आधी, कला मागाहून. मॅडम म्हणाल्या, लोक तेच बघायला येतायत. मी ठाम राहिलो. फोटो स्वतः उतरवला.

पण एवढ्या भिंतीवर नुसता खिळा फार वाईट दिसत होता. आणि काही न सांगता काढणं हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच. म्हणून त्या जागी रिकामी फ्रेम लावली आणि खाली ओळ: ‘एका स्त्रीच्या विनंतीवरून हे वाक्य मागे घेतले आहे. तिची क्षमा मागतो.’

माफी मागायला मला कमीपणा वाटत नाही. जाहीरपणे मागितली. घरी येताना खूप दिवसांनी शीळ घालत आलो.

१० एप्रिल
रिकाम्या फ्रेमपुढे आज तोबा गर्दी. ज्यांनी आधी पाहिलं होतं ते न पाहिलेल्यांना वाक्य म्हणून दाखवतायत. मॅडम म्हणाल्या, अहो, हे तर त्याहून भारी झालं! प्रदर्शन आठवडाभर वाढवलं.

लेक येऊन बघून गेली. जिन्यात मला थांबवून म्हणाली, बाबा, आईने विनंती केलीच नव्हती. ती काही बोललीच नाही. तेही तुम्ही तिच्या तोंडात घातलंत.

नियम मोडला. एकदाच मोडला. पण मोडला.

११ एप्रिल
फ्रेम काढली. खिळाही काढला. मॅडम बोलत नाहीत. घरी येऊन बायकोला सांगितलं, खिळासुद्धा काढला. ती म्हणाली, बरं केलंस. मग म्हणाली, साखर संपलीय.

१५ एप्रिल
नवा संकल्प: घरात कुणी काही बोललं तर टिपायचं नाही. बायकोला तसं वचनही दिलं. ती म्हणाली, बरं.

अंमलबजावणी सोपी जाते आहे. टिपण्यासारखं ती काही बोलत नाही. दार लाव. पाणी जपून वापर. इस्त्रीवाला येऊन गेला. पूर्वी शाळेतून आली की शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. मला तेव्हा वाटायचं, जरा शांतता मिळाली तर काम होईल.

आता भरपूर शांतता आहे. कामाला बसतो. बसलेला असतो.

२२ एप्रिल
प्रदर्शन संपलं. एकूणात यशस्वी म्हणावं लागेल. फ्रेमा माळ्यावर टाकल्या.

मी हॉलवर असताना संस्थेची माणसं येऊन पलंग घेऊन गेली. मागची खोली रिकामी झाली, म्हणून म्हटलं, तिथे माझं टेबल टाकू का? बायको म्हणाली, मी तिथे झोपते आता, शांत असतं. खाली गादी टाकलीय, पूर्वीसारखी. दार लोटून घेते. उकाडा वाढलाय आणि ती खोली गार आहे, हे खरंच आहे.

२७ एप्रिल
शाळेला सुट्टी लागली. बायको बरेचदा दुपारी बाहेर जाते. मेव्हणा न्यायला येतो, छतावर ‘शिकाऊ’ अशी पाटी असलेली ती गाडी घेऊन. वर येत नाही, खालूनच हॉर्न देतो. गच्चीतून पाहिलं, दोघं बोलत असतात. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसलीसुद्धा. म्हणजे त्या दोघांचं मिटलं. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. त्या एका वाक्यामुळे भाऊ-बहीण उलट जवळच आली. कला अशीही काम करते, आडवाटेने.

आणि मग लक्षात आलं: ती गाडी शिकते आहे!

३० एप्रिल
विचारलं नाही. तिला चकित करायचं असेल मला. या वयात स्टिअरिंग हाती घ्यायचं म्हणजे धाडसच. घरी येते तेव्हा दमलेली असते, चेहरा उतरलेला असतो. क्लच जड जात असणार. आज जेवली नाही. म्हटलं, सुरुवातीला जमत नाहीच, हळूहळू सवय होते. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, हो.

नवा विषय डोक्यात घोळतोय: गाडी चालवणाऱ्या बायका. नाही. टिपायचं नाही म्हणजे नाही.

४ मे
परवापासून तिचा चेहरा जरा खुललाय. आज स्वयंपाक करताना गुणगुणत होती. बहुधा लायसन्स मिळालं. ती सांगेल तेव्हा तोंड भरून कौतुक करायचं, एकही विनोद करायचा नाही, असं ठरवलंय.

६ मे
दुपारी मेव्हणा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वर आला. बायको लेकीबरोबर बाजारात गेली होती. तिची ओढणी गाडीत राहिली होती, ती द्यायला. दारातच उभा राहिला. बस म्हटलं, तर बसला. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी डोळा मिचकावून विचारलं, काय म्हणते तुझी शिष्या? गियर जमतात का तिला?

तो म्हणाला, कोण शिष्या?

म्हटलं, तुझी ताई. मला सगळं ठाऊक आहे.

त्याने हातातली ओढणी टेबलावर ठेवली. मग हळू म्हणाला, भावोजी, आम्ही दवाखान्यात जात होतो. काखेत गाठ आली होती तिला. तुकडा काढून तपासायला दिला होता. चार दिवसांपूर्वी कळलं, साधी गाठ आहे, घाबरायचं कारण नाही. मी तर गाडीतच रडलो. तीच म्हणाली, अरे, समोर बघ, तू चालवतोयस.

मी ओढणीची घडी घालायला लागलो. तो म्हणाला, ताईने सांगितलं असेलच तुम्हाला.

मी म्हटलं, हो, हो, सांगितलं ना. गियरचं आपलं गमतीने म्हटलं.

तो म्हणाला, हां, गमतीने. उठला. जाताना माझ्या दंडाला हात लावून गेला. मोठा वाटला माझ्यापेक्षा.

ती आल्यावर विचारायचं ठरवलं. काय विचारायचं, ते मनात जुळवत बसलो. मला का नाही सांगितलंस? एकटीने कसं सोसलंस? मी इतका परका झालो का? जे वाक्य जुळवावं ते कुठल्यातरी फोटोखाली शोभेल असं व्हायला लागलं.

ती आली. पिशव्या ठेवल्या, ओढणी बघितली, माझ्याकडे बघितलं. मग भाज्या काढायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती डावा हात जपून वापरत होती. किती दिवस तसा वापरत असेल, कोण जाणे.

तिने विचारलं, काही हवंय का?

मी म्हटलं, पाणी.

तिने पेला भरून दिला. मी तिथेच उभा राहून सगळं पाणी प्यायलो. तहान नव्हती.